चार डब्यांतल्या पुंगळ्या

आर्डिस ब्रेकेचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. चर्चमध्ये तिच्या मागच्या बाकावर बसलं की नीट दिसायचं, कोट तिरका बसायचा तिच्या अंगावर. लोकांना वाटायचं, शाळेच्या स्वयंपाकघरातली ती मोठाली पातेली उचलून झालं असेल. पातेल्यांनीही झालं असेल थोडं, नाही कोण म्हणतंय. पण खरा तो खांदा उतरला पुंगळ्यांपायी.

काडतूस उडालं की गोळी निघून जाते, दारू जळून जाते, आणि मागे राहते ती पितळेची रिकामी पुंगळी. शहरातला माणूस ती टाकून देतो. आमच्या खोऱ्यात पुंगळी टाकणं म्हणजे एकदा सूप करून पातेलं फेकून देण्यासारखं. घरी आणायची, पुसायची, यंत्रावरच्या साच्यात दाबून पुन्हा आकाराला आणायची. बुडात बार पेटवणारी नवी टिकली, पोटात मोजून दारू, तोंडात नवी गोळी, झालं काडतूस तयार. एकेक पुंगळी दहा-दहा, बारा-बारा वेळा चालते. पण चालवता यायला हवी.

तिथंच तर सगळी मेख आहे. बार उडाला की पुंगळी फुगते, बंदुकीच्या घरात, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, ठासून बसते. ज्या बंदुकीत उडाली त्याच बंदुकीच्या मापाची होते, पायाला जुना बूट बसावा तशी. आता ती परत साच्यात घालायची, तर किती दाबायची? बाटलीला असतो तसा पुंगळीलाही खांदा असतो. तो केसभर मागं सरकला की बास, थांबायचं. त्याहून जास्त दाबलंत तर पुढच्या बाराला ती पुन्हा ताणते. पुन्हा दाबा, पुन्हा ताणते. तार सारखी एकाच जागी वाकवली की तिथंच तुटते ना, तशी पुंगळी बुडापाशी आतून पातळ होत जाते. बाहेरून बघावं तर सोन्यासारखी लखलखीत, आतून कागद. आणि एक दिवस ती तिथंच फाटते, जळता धूर उलटा मागं येतो, आणि मागं कोण असतं? नेम धरून बसलेला माणूस, उघड्या डोळ्यानं.

हे आर्डिसला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या घरातच घडलं होतं.

बासष्ट सालची गोष्ट. तेव्हा पुंगळ्या भरायचं काम तिचा नवरा लोवेल करायचा. शिकारीचा हंगाम रविवारी उघडणार, आणि हा शनिवारी संध्याकाळी बसला. त्यात घाई. साचा पार तळापर्यंत फिरवला, वर आणखी पाव फेरा. म्हणाला, "आता कुठल्याही बंदुकीत जाऊन बसतील." बसल्या की. तेच पितळ तो चार वर्षं अशीच कुटत होता. रविवारी सकाळी डोंगरावर तिसऱ्या बाराला पुंगळी फाटली आणि त्याचा उजवा डोळा गेला. गेला म्हणजे जागेवर राहिला, पण दुधासारखा पांढरा.

पुढच्या उन्हाळ्यात लोवेल परत त्या टेबलाशी जाऊन बसला. आर्डिस भांडी घासत होती. हात पुसत आली, म्हणाली, "ऊठ."

"अगं, दिसतं मला एका डोळ्यानं."

"दिसतं, पण धीर नाही तुला. ऊठ तिथून."

उठला बिचारा. त्या दिवसापासून यंत्राचा दांडा तिच्या हातात, तो चोवीस वर्षं. आणि लोवेलनं कशाचीही घाई केली, गाडीची म्हणा, जेवणाची म्हणा, की ही म्हणायची, "कर, घाई कर, अजून एक डोळा आहे की!" तो हसायचा. काय करणार, हसण्यावारी न्यायचा.

तिचं काम बघत बसावं असं होतं. मेणबत्ती लावायची, पुंगळीचा खांदा तिच्या ज्योतीवर धरून काजळी धरायची, मग साच्यात हळूच दाबून बाहेर काढून बघायची. काजळी कुठं पुसली, कुठं राहिली, त्यावरून तिला कळायचं साचा खांद्याला टेकला की नाही. टेकला की आणखी एवढासा, नखाच्या टोकाएवढा फेरा. तिथं थांबायची आणि साच्याच्या कडीवर नखांना लावायच्या रंगाची रेघ मारून ठेवायची. माणसागणिक रेघेचा रंग वेगळा. कारण एक लोवेलची बंदूक, आणि वर शेजारपाजारच्या तिघांचे डबे यायचे तिच्याकडे. कॉफीचे रिकामे डबे, त्यावर नाव लिहिलेली पट्टी. वर्नर स्टॉलचा डबा, विधवा नेडीन कोल्बचा डबा, आणि लोवेलचा धाकटा भाऊ गेलॉर्ड, त्याचा. काडतूस चौघांचं एकच, पण बंदुका चार, आणि चार बंदुकांची चार घरं. वर्नरच्या बंदुकीचं घर घट्ट. गेलॉर्डची लष्करातली जुनी बंदूक, तिचं घर खोऱ्यात सगळ्यात सैल. एकाची पुंगळी दुसऱ्याच्या डब्यात कधी गेली नाही. पैसे कुणी द्यायचं नाही, हिनं मागायचे नाहीत. एल्क, म्हणजे इकडचं मोठं सांबर, पडलं की मांडीचा तुकडा दारात यायचा, त्यावर मार्चपर्यंत घर चालायचं.

तर असं चाललं होतं, आणि चोविसाव्या वर्षी मार्चमध्ये लोवेलला झटका आला. डावं अंग गेलं. बोलायचा, पण सावकाश, दगडावरून पाणी जावं तसं अडत अडत. खाट पुढच्या खोलीत आणली. आता त्याला सकाळी उचलून बसवायचं, पुसायचं, कूस वळवायची, भरवायचं, मग शाळेत जाऊन दीडशे पोरांचे बटाटे सोलायचे, घरी येऊन पुन्हा त्याची चादर. हाडापेराचा पुरुष तो, झटक्यानं वजन कमी होत नाही. आर्डिस एकसष्टची. सप्टेंबर लागेपर्यंत तिची अशी दशा झाली होती की दुकानात उभी राहिली तर काय घ्यायला आलो तेच आठवायचं नाही, आणि घरी परत येऊन खुर्चीत बसली तर बूट काढायला वाकवायचं नाही. झोप लागायची, पण झोपेनं तो थकवा जायचा नाही.

डबे मात्र आले, दरवर्षीसारखे. कुणी म्हणालं नाही, यंदा राहू दे. आणि हिनंही म्हटलं नाही. तिचीच चूक म्हणा. चोवीस वर्षं केलेलं काम नाही म्हणणं म्हणजे म्हातारी झाले असं स्वतःच्या तोंडानं सांगणं.

एका दुपारी तिनं चारही डबे एकाच टबात ओतले. धुवायला म्हणून. साबणाच्या पाण्यात ऐंशी पुंगळ्या एकत्र झाल्या, आणि हात आत घातल्यावर तिच्या ध्यानात आलं काय केलं ते. नुसती बघत उभी राहिली. आता चार ठिकाणच्या पुंगळ्या एकेक तपासून, त्या त्या बंदुकीचं माप काढून वेगळ्या करायच्या तर आठवडा गेला असता. पुढच्या खोलीतून लोवेल हाक मारत होता, पाणी हवं होतं. तिनं त्याला पाणी दिलं, परत आली, साचा तळापर्यंत फिरवला, आणि वर पाव फेरा.

सगळ्यांच्या बंदुकीत बसतील, असं म्हणाली मनाशी. मेणबत्ती काढलीच नाही. आणि दरवर्षी ती वाकडं टोक केलेली तार प्रत्येक पुंगळीत घालून बुडापाशी खाच लागते का ते चाचपायची, तेही राहिलं. दोन दिवसांत ऐंशी काडतुसं भरून ज्याची त्याला वीस-वीस वाटून मोकळी.

मग आला तो शुक्रवार. परवावर हंगाम. आर्डिस शाळेतून येऊन लोवेलला सूप भरवत होती, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात वर्नर. टोपी हातात. उजव्या गालावर काळं, आणि भुवई अर्धी गायब.

"आर्डिसबाई, घाईत नाही ना तुम्ही?"

"मेल्या, तोंड काय झालं तुझं?"

"काही नाही. भुवई गेली अर्धी. बायको म्हणते, आधीपेक्षा बरा दिसतोस." त्यानं खिशातून रुमाल काढून टेबलावर उलगडला. आत पुंगळीचं बूड, अंगठ्याएवढं, टोपणासारखं. "नेम तपासायला गेलो होतो कुरणात. तिसऱ्याला हे झालं. उरलेली पुंगळी अजून आतच अडकलीय. माझंच काहीतरी चुकलं असणार. बंदूक नीट पुसली नसेल मी."

आर्डिसनं ते बूड उचललं. कडेनं गोल फाटलं होतं, भाकरीची कड तोडावी तसं सरळ. बघायची गरजच नव्हती. ती खुर्चीवर बसली.

"डोळा? नीट बघ माझ्याकडे. दिसतं?"

"दिसतं हो. चष्मा होता म्हणून. उन्हाचा काळा चष्मा, पोरीनं वाढदिवसाला दिलेला. एरवी कुठला घालतोय मी!"

"तुझं काही चुकलं नाही, वर्नर," ती म्हणाली. "माझं चुकलंय. उरलेली कुठायत?"

"गाडीत."

"आण. सगळी. एकसुद्धा ठेवू नकोस घरी."

वर्नर भला माणूस. काडतुसं आणून ठेवली, आणि जाताना म्हणाला, "तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका, बाई." ते ऐकून तिला अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

पुढच्या खोलीत लोवेलनं सगळं ऐकलं होतं. ती सूपाची वाटी घेऊन परत गेली, तर तो छताकडे बघत पडलेला.

"साचा किती फिरवलास?"

"तळापर्यंत." तिनं चमचा खाली ठेवला. "वर पाव फेरा."

आता तो म्हणेल, कर, घाई कर, असं तिला वाटलं. चोवीस वर्षांचं उट्टं काढायला एवढी चांगली संधी परत कुठं मिळणार? ती वाट बघत बसली. लोवेलनं छतावरची नजर तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "दमली होतीस."

आणि ती रडायला लागली. "तूही दमला असशील तेव्हा," म्हणाली. "नांगरट होती, गाईंची वेतं होती त्या वर्षी. मी कधी विचारलंसुद्धा नाही तुला."

"राहू दे आता ते. सूप गार होतंय." दोन घोट घेतल्यावर तो म्हणाला, "लोकांना सांग, पितळ जुनं होतं. ते काही खोटं नाही."

"खरंही नाही."

"हं." मग जरा वेळानं, "गेलॉर्ड."

"माहीत आहे मला," आर्डिस म्हणाली.

वर्नरच्या घट्ट बंदुकीत हे झालं. गेलॉर्डच्या त्या सैल घरात, एवढी मागं दाबलेली पुंगळी किती ताणेल? तिथं तर दुसऱ्यातिसऱ्याला फाटणार. तिनं फोन लावला. वाजत राहिला. गेलॉर्ड एकटा जीव, दरवर्षी शुक्रवारी दुपारीच डोंगरावरच्या तळावर निघून जायचा, रविवारी उजाडताना वर असायला हवं म्हणून. तळावर कसला फोन.

शनिवारी सकाळी आधी ती नेडीनकडे गेली, वाटेतच घर म्हणून. नेडीननं फळीवरून खोकं काढलं, टेबलावर आपटलं.

"मला वाटलंच होतं. तुझं काडतूस घालून बंदुकीचा मागचा बोल्ट मिटताना शेवटी जरा जोर लागतो दरवेळी. यंदा लोण्यासारखा मिटला. म्हटलं, वा, आर्डिस सुधारली!"

"बिघडले होते."

"मी मारू कशानं आता? केरसुणीनं?"

"तुझ्या नवऱ्याचं जुनं खोकं असेल ना, दुकानातलं?"

"आहे. त्याच्या वस्तूंना हात लावायला जिवावर येतं माझ्या, म्हणून तर तुझ्याकडे येते." नेडीन तिच्याकडे बघत राहिली. "तू वर गेलॉर्डकडे जाणारेस. त्या गुडघ्यांनी?"

"मग कोण जाईल?"

"मी जाते."

"तुझं तो ऐकायचा नाही. म्हणेल, बायका घाबरतात."

"आणि तू कोण, बाप्या आहेस?" नेडीननं कॉफी ओतली, दालचिनीचा पाव पुढं सरकवला. "खा आधी. उभ्यानं खाऊ नकोस, बस. लोवेलला मी बघते. पत्ते आहेत ना घरात? हरवते त्याला दुपारभर, तेवढीच त्याची करमणूक."

रस्ता शेवटच्या फाटकापर्यंत गाडीला बरा होता. पुढं बर्फ विरघळून झालेला चिखल, तिनं गाडी तिथंच सोडली. तिथून वर अर्धा मैल चढ. तरुण माणूस पंधरा मिनिटांत जाईल. आर्डिस वीस पावलं चालायची आणि थांबायची. पडलेलं झाड दिसलं की बसायची, आणि बसलं की उठायला मन धजायचं नाही. एकदा तर बसल्या बसल्या डोळा लागला तिचा, थंडीनं दचकून जागी झाली. कशाला चाललोय आपण, असं वाटलं. त्याला काही होणार नाही, चाळीस वर्षं मारतोय तो. मग लोवेलचा तो डोळा आठवला, आणि उठली.

तळावर तंबूबाहेर गेलॉर्ड बटाटे परतत होता. लाकडाच्या गिरणीत कामाला असणारे दोघे सोबत होते. तिला बघताच त्याच्या हातातलं उलथनं खाली पडलं.

"वहिनी! लोवेल गेला?"

"नाही रे बाबा. पत्ते खेळतोय नेडीनशी."

"मग हरत असेल. देवा, काळीज थांबलं माझं. बस, बस आधी. पाणी दे रे तिला."

ती बसली. दम खाऊन म्हणाली, "गेलॉर्ड, मी दिलेली काडतुसं परत दे. मी खराब केलीत. वर्नरचं फाटलं काल, तोंडावर आलं त्याच्या."

गेलॉर्ड हसायला लागला. "वर्नर त्याची बंदूक गोठ्यात ठेवतो, फाटेल नाही तर काय! वहिनी, चोवीस वर्षं तुझी काडतुसं मारतोय मी. एक चुकलं नाही. काल तीन मारली, तिन्ही एका नाण्याखाली झाकतील अशी."

"तिन्हींच्या पुंगळ्या दे."

त्यानं खिशातून काढून दिल्या. आर्डिसनं कोटाच्या खिशातून वाकडी तार काढली, पहिलीत घातली, बुडापाशी फिरवली. लागलीच खाच. दुसरीत नाही. तिसरीत तर तारेचं टोक अडकून बसलं.

"घे. तू बघ."

गेलॉर्डनं तार फिरवली. त्याची बोटं म्हणजे कुऱ्हाडीचे दांडे. "मला नाही लागत काही. वहिनी, तू दमलीयस, झोप नाही तुला. तुझ्या तोंडापेक्षा तुझ्या हातावर माझा जास्त भरवसा आहे. जा, घरी जाऊन निज. मला उद्या मारू दे."

आता करायचं काय या माणसाला? चांगला आहे म्हणून ऐकत नाही, विश्वास आहे म्हणून ऐकत नाही. आर्डिसला वाटलं, इथंच आडवं व्हावं. तेवढ्यात तिची नजर तंबूच्या खांबाला टांगलेल्या करवतीवर गेली. एल्कची हाडं कापायची करवत.

"ती दे इकडे."

"काय करतेस?"

तिनं तिसरी पुंगळी ओंडक्यावर ठेवली, गिरणीतल्या एकाला चिमट्यानं घट्ट धरायला लावली, आणि करवत चालवली उभी, तोंडापासून बुडापर्यंत. तोच उतरलेला खांदा. पितळेचा भुसा बर्फावर पडत होता. चार वेळा थांबली. गिरणीवाला म्हणाला, "मी करतो, काकू," तर नको म्हणाली. शेवटी पुंगळी दोन फाकांत उघडली, शेंग उघडावी तशी.

फाक तिनं गेलॉर्डच्या तळहातावर ठेवली. बूड जाड, खिळ्याएवढं. वरची भिंत ठीक. आणि मधे, दोन्हींच्या सांध्यावर, एक बारीक खोल रेघ. तिथं पितळ कागदाएवढंच उरलं होतं, उन्हात धरलं तर जणू आरपार दिसेल.

गिरणीवाला म्हणाला, "आई गं."

गेलॉर्डनं फाक उलटीपालटी केली. मग उठून तंबूत गेला आणि खोकं आणून तिच्या मांडीवर ठेवलं.

तिनं मोजली. सोळा.

"सतरा असायला हवीत. विसातली तीन उडाली."

"आहेत तेवढी दिली."

मग शोधाशोध. अंथरूण झटकलं, पिशव्यांत बघितलं, खिसे उलटे केले, चुलीपाशी चिखलात पाय घासले. नाही. तिनं त्याला बंदुकीचा बोल्ट उघडायला लावला. रिकामी. गिरणीवाल्यानं त्याला आपली दहा दिली, दुकानातली, बंदुकीला चालणारी.

"ते एक सापडलं तर उडवणार नाही. शब्द," गेलॉर्ड म्हणाला.

"सापडलं तर ना! दिसायला सारखीच असतात रे सगळी. घाईत हाताला येईल ते भरशील."

"वहिनी, उजेड आहे तोवर खाली उतर. गुडघा मोडून घेशील, मग लोवेलला कोण उचलेल?"

ते काही खोटं नव्हतं. गिरणीवाला फाटकापर्यंत सोडायला आला तिला.

रविवारी उजाडताच डोंगरावरून बार ऐकू यायला लागले. आर्डिस चुलीपाशी ओट्सची पेज ढवळत होती. एक बार झाला की डाव हातातच थांबायचा. मग दुसरा. पेज तळाला लागली.

"पुरा वाजला तो," पुढच्या खोलीतून लोवेल म्हणाला. "फाटला की आवाज वेगळा येतो. फसका."

"तुला काय माहीत?"

"मलाच तर माहीत."

ती वाटी घेऊन त्याच्याजवळ बसली. नऊपर्यंत दोघं तिथंच. बार आला की लोवेल मान हलवायचा, पुरा, पुरा. एका बाराला त्यानं मान हलवली नाही. आर्डिसनं त्याचा हात धरला.

"लांबचा होता," तो म्हणाला. "कळलं नाही."

दुपार झाली तरी काही कळेना. दोनच्या सुमारास अंगणात गाडी थांबली. आर्डिस दारात गेली आणि तशीच उभी राहिली, बाहेर पाऊल टाकवेना. गेलॉर्ड उतरला. दोन्ही डोळे जागेवर. गाडी मागं रिकामी.

आत आला, खुर्चीत बसला, टोपी काढली. "कळप खालून गेला. विसेक असतील, त्यात एक मोठा नर. सगळ्यांनी बघितला, मी सोडून."

"तू काय करत होतास?"

"बंदूक भरायला खिशात हात घातला. अंधुक उजेड, बाकीचे निघालेले, चल चल करतायत. बाहेर काढली तर मला वाटलं, ही जास्त वाटतात. मोजली. दहा दिली होती, अकरा निघाली. खिसा फाटलाय, अस्तरात गेलं असणार तुझं ते. आता कुठलं तुझं नि कुठलं त्याचं? बसलो दगडावर, चष्मा लावून, एकेकाचं बूड बघत. नव्याचं बूड गुळगुळीत असतं. तुझ्याला कडेनं ओरखडे, दहा वेळा ओढून काढलेलं. शेवटी सापडलं." त्यानं ते काडतूस टेबलावर ठेवलं. "तोवर कळप निघून गेला."

आर्डिसनं ते उचललं आणि मुठीत धरून बसली. लोवेलनं आतून विचारलं, "आला का तो? दोन डोळ्यांचा?"

"आला," गेलॉर्डनं सांगितलं. मग जरा चाचरत, "वहिनी, पुढच्या साली डबा कधी आणू?"

"आणू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे आणू नकोस. होत नाही रे माझ्यानं. दोन वर्षांपासूनच होत नव्हतं." बोलली आणि तिचं तिलाच नवल वाटलं, किती सोपं होतं ते. "नवं पितळ आणा, नाहीतर दुकानातून आणा, नाहीतर शिका."

गेलॉर्डनं मान खाली घातली. टेबलावर सगळी काडतुसं होती, वर्नरची, नेडीनची, घरची, त्याची, सत्तरेक. ती फोडायची होती सगळी. गोळी काढायची, दारू ओतायची, पुंगळ्या पकडीनं चेचायच्या, म्हणजे पुन्हा कुणी चुकून भरायला नको.

"हे कसं करतात, दाखव," तो म्हणाला.

तिनं दाखवलं. हातोडीसारखं एक अवजार असतं, त्यात काडतूस अडकवून फरशीवर आपटायचं, झटक्यानं गोळी सुटते. एक केलं, दुसरं केलं. तिसरं तिनं त्याच्या हातात दिलं आणि उठली. बूट न काढता लोवेलच्या खाटेशेजारी घोंगडी टाकून आडवी झाली.

बाहेर आपट, आपट सुरू झालं. तिरकं आपटत होता तो, आवाजावरूनच कळत होतं तिला. दारू फरशीवर सांडत असणार. उठून सांगावंसं वाटलं. उठली नाही.